'समजलं का?' ऐवजी 'अडलं कुठं?': ऑनलाइन तासांचं एक वर्ष

गेल्या पावसाळ्यात रेड अलर्ट लागला आणि दोन दिवस तास ऑनलाइन घ्यायचं ठरलं. आमच्याकडे तासिका तत्त्वावर नव्यानेच रुजू झालेल्या एका मॅडमचा पहिल्याच दुपारी फोन आला. आवाज रडवेला होता. "सगळ्यांचे कॅमेरे बंद, माइक बंद. समजलं का विचारलं की चॅटवर 'येस मॅडम'ची रांग लागते. खरंच समजलंय की नाही, हे मला कसं कळणार?" मी तिला जमेल तेवढं सांगितलं, पण फोनवर ते अर्धवटच राहिलं. हा प्रश्न मला २०२० मध्ये पडला होता आणि त्याचं उत्तर सापडायला मला अख्खं वर्ष लागलं. ते वर्ष तारखांसकट इथे लिहून ठेवते आहे.

मी अकरावी-बारावी वाणिज्यला पुस्तपालन व लेखाकर्म शिकवते. माध्यम मराठी, गाव रायगडच्या दक्षिणेकडचं तालुक्याचं ठिकाण. आमच्यावर त्या वर्षी दोन संकटं आली. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, मोबाइलचे टॉवर बंद पडले. काही वस्त्यांत वीज यायला महिन्याच्या वर लागला. इतर ठिकाणचे शिक्षक जूनमध्ये ऑनलाइन शिकवण्याची तयारी करत होते, तेव्हा आमच्याकडे लोक घरावर पत्रे कुठून आणायचे या विवंचनेत होते.

दहावीचा निकाल २९ जुलैला लागला आणि अकरावीचे प्रवेश ऑगस्टमध्ये झाले. माझ्या वर्गात ७२ मुलं. प्रवेश होताच मी चार दिवस बसून प्रत्येक घरी फोन केला. ३८ घरांत मुलाला तासभर मिळेल असा स्मार्टफोन होता. २३ घरांत स्मार्टफोन होता, पण तो वडिलांकडे किंवा मोठ्या भावाकडे. ११ घरांत फक्त बटणांचा साधा फोन. ऑनलाइन शिकवायचं असेल तर ही यादी आधी करा. पुढचं सगळं तिच्यावर ठरतं.

तास सुरू झाले सोमवारी, ७ सप्टेंबर २०२० ला. वेळ सकाळी ८ ते ८.४०, कारण नऊनंतर वडील फोन घेऊन कामाला जायचे. मी ६०० रुपयांचा छोटा पांढरा फळा आणि ३५० रुपयांचा फोनचा स्टँड आणला. मुलं सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या उंच उघड्या माळावर, जाऊन बसायची, कारण गावात रेंज नसायची. पाऊस आला की एकेक जण वर्गातून गळायचा.

पहिले तीन आठवडे मला वाटत होतं, बरं चाललंय. रोजकीर्द, म्हणजे व्यवहारांची पहिली नोंद करायची वही, शिकवत होते. दर दहा मिनिटांनी विचारायचे, "समजलं का?" उत्तर यायचं, "हो मॅडम." वर्गात मुलांचे चेहरे दिसतात. कपाळावर आठी पडली, पेन थांबलं, शेजाऱ्याच्या वहीत मान वळली, की आपल्याला न विचारता कळतं. इथे समोर फक्त नावांची पहिली अक्षरं होती, रंगीत गोलांत.

२८ सप्टेंबरला २० गुणांची घटक चाचणी गुगल फॉर्मवर घेतली. ४६ जणांनी सोडवली. त्यात एक अगदी साधा व्यवहार दिला होता: रमेशला ५,००० रुपयांचा माल उधारीवर विकला. नोंद अशी व्हायला हवी: रमेशचे खाते नावे (डेबिट), विक्री खाते जमा (क्रेडिट). ४६ पैकी ३१ मुलांनी रोख खाते नावे केलं होतं. हाच प्रकार मी तीन वेळा फळ्यावर करून दाखवला होता आणि तिन्ही वेळा 'हो मॅडम' आलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलं खोटं बोलली असं वाटलं नाही. माझा प्रश्नच चुकीचा आहे, असं वाटत राहिलं.

५ ते ११ ऑक्टोबर या काळात शिक्षकांसाठी एक मोफत ऑनलाइन प्रशिक्षण होतं, रोज दोन तास. (प्रमाणपत्र तीन आठवड्यांनी आलं. सेवापुस्तकासाठी लागतं, म्हणून त्याची प्रत लगेच कार्यालयात देऊन पोच घ्या.) चौथ्या दिवशीचं सत्र वर्गातल्या झटपट चाचपणीवर होतं. थॉमस अँजेलो आणि पॅट्रिशिया क्रॉस या अमेरिकन अध्यापकांनी अशा ५० पद्धती एकत्र केल्या आहेत. तासाच्या शेवटच्या मिनिटात दोन ओळी लिहून घ्यायच्या, शिकवण्याआधी मुलांना काय माहीत आहे ते पाहायचं, आपल्या शब्दांत दुसऱ्याला समजावायला लावायचं, असं बरंच काही. त्यातली एक गोष्ट मला लगेच भिडली. हार्वर्डमधले संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मॉस्टेलर तासाच्या शेवटी विद्यार्थ्यांकडून, व्याख्यानातला सर्वांत गढूळ राहिलेला मुद्दा कोणता, हे लिहून घ्यायचे. आकड्यांच्या माणसाने हे केलं, तर हिशेबाच्या तासाला का करू नये?

या पद्धतींचं मर्म त्या सत्रात एका वाक्यात सांगितलं होतं आणि मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं: ही चाचणी मुलांची नाही, आजच्या तासाची आहे. तिला गुण नसतात. तिचं उत्तर उद्याच्या तासात द्यायचं असतं.

१२ ऑक्टोबरला पहिला प्रयोग केला आणि तो फसला. तास संपल्यावर ग्रुपवर फॉर्म टाकला: 'आज कोणता मुद्दा समजला नाही?' वर नाव आणि हजेरी क्रमांक सक्तीचा. तासाला ४४ मुलं होती, उत्तरं आली ११. आठ जणांनी लिहिलं होतं, 'सगळं समजलं.' दोघांनी 'नेट गेलं होतं.' एकाने 'थोडं थोडं.'

मी संध्याकाळी तीन मुलांना फोन केला. रागावायला नव्हे, कारण विचारायला. पहिली म्हणाली, "नाव लिहायचं होतं ना मॅडम. तुम्हाला वाटेल आम्ही लक्ष देत नाही." दुसऱ्याने सांगितलं की फॉर्म उघडला की लॉगिन मागतो, आणि फोनमध्ये पप्पांचा ईमेल आहे, त्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही. तिसरा म्हणाला, "तास संपला की बाबा फोन घेऊन गाडीवर निघतात. फॉर्म बघतो तेव्हा संध्याकाळ झालेली असते, तोवर काय अडलं होतं तेच आठवत नाही."

त्या तीन फोनांनी मला प्रशिक्षणाच्या सात दिवसांइतकंच शिकवलं. फॉर्ममधून नाव काढलं. सेटिंगमध्ये जाऊन ईमेल पत्ते गोळा करण्याचा आणि एकाच प्रतिसादाची मर्यादा घालण्याचा असे दोन्ही पर्याय बंद केले. हे बंद केलं की लॉगिन मागत नाही. शिवाय फॉर्म तासानंतर न देता तासातच द्यायचा ठरवलं. चौतिसाव्या मिनिटाला शिकवणं थांबवायचं, मग कितीही राहिलेलं असो. शेवटची सहा मिनिटं मुलांची.

प्रश्नही बदलला. 'समजला नाही' हे शब्द मुलाला आपल्यावरच ठपका ठेवायला लावतात. आमच्याकडे गणित सोडवताना घरची माणसं विचारतात, "काय रे, अडलं कुठं?" त्यात ठपका नाही. वाटेत दगड लागला तर कुठे लागला, एवढंच विचारणं आहे. १५ ऑक्टोबरच्या फॉर्मवर फक्त इतकं होतं: 'अडलं कुठं? एका ओळीत लिहा. नाव नको.'

२३ उत्तरं आली. रात्री जेवणं झाल्यावर ती वहीत उतरवली. एकसारखी उत्तरं एका ओळीत आणि पुढे उभ्या रेघा. पाचवी रेघ आडवी. बारा मिनिटांत काम झालं. एका ओळीपुढे नऊ रेघा होत्या. ती ओळ एका मुलाच्या शब्दांत तशीच देते:

'उधारी म्हणजे पैसे नंतर येणार, तर मग आत्ताच का लिहायचं?'

मला ३१ चुकांचं मूळ सापडलं. मुलांच्या मनात व्यवहार म्हणजे पैशांची देवघेव. पैसा हलला की व्यवहार झाला. त्यामुळे 'विकला' वाचलं की हात रोख खात्याकडे जायचा. मी नियम सांगत होते, येणारे नावे, जाणारे जमा, आणि त्या नियमाच्या आधीची पायरीच मुलांकडे नव्हती. चाचणीने मला सांगितलं होतं की ३१ जण चुकले. का चुकले, ते या एका ओळीने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तासाची सुरुवात अशी केली: "काल नऊ जणांनी एक फार चांगला प्रश्न विचारला." प्रश्न वाचून दाखवला. मग विचारलं, गावातला वाणी आपल्या घरी साखर उधार देतो, तेव्हा वहीत कधी लिहितो? साखर दिली त्या दिवशी, की पैसे आले त्या दिवशी? चॅटवर एकदम उत्तरं आली. 'देतो तेव्हाच, नाहीतर विसरेल.' 'आईच्या समोर लिहितो.' त्या वीस मिनिटांत नवीन काहीच शिकवलं नाही, पण उधारीची गाठ तिथे सुटली.

याचा दुसरा परिणाम मला अपेक्षित नव्हता. मुलांना कळलं की लिहिलेलं कुणीतरी वाचतं आणि दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर मिळतं. पुढच्या आठवड्यात उत्तरं ३७ वर गेली. मध्ये एकदा घरी आजारपण होतं, मी सलग तीन दिवस फॉर्म घेतले पण उत्तरं द्यायला जमलं नाही. चौथ्या दिवशी आकडा १६ वर आला. म्हणून सांगते, उद्या उत्तर द्यायला वेळ नसेल तर आज विचारू नका. मी शेवटी आठवड्यातून दोनदाच विचारायचं ठरवलं, मंगळवारी आणि शुक्रवारी. रोज कुणालाच झेपत नाही.

मंगळवार-शुक्रवार सोडून बाकीच्या दिवशी चॅटचा वापर केला, आणि त्यातही एक गोष्ट चुकतमाकत शिकले. मी प्रश्न विचारायचे, वर्गातला हुशार मुलगा तीन सेकंदांत उत्तर टाकायचा आणि त्याखाली तेच उत्तर पंचवीस वेळा यायचं. मग नियम केला: उत्तर टाइप करून ठेवा, पण मी 'सोडा' म्हणेपर्यंत पाठवू नका. घड्याळ लावून पूर्ण चाळीस सेकंद थांबायचं. ऑनलाइनवर चाळीस सेकंदांची शांतता सोसत नाही, दहाव्या सेकंदालाच आपण बोलायला लागतो. मी मनात आकडे मोजायचे. 'सोडा' म्हटलं की सगळी उत्तरं एकदम, पावसाची सर आल्यासारखी यायची, आणि त्यात चुकीचीही यायची. ती चुकीची उत्तरं आठवडाभरातली माझी सर्वांत मोलाची मिळकत असायची.

पर्याय देतानाही एक काळजी घ्या. चुकीचे पर्याय आपल्या डोक्यातून काढू नका, मुलांच्या जुन्या उत्तरांतून उचला. 'रोख खाते नावे' हा पर्याय मी वर्षभर दर प्रश्नात ठेवला, कारण ती चूक खरी होती.

आता त्या ११ मुलांबद्दल. त्यांच्यापर्यंत यातलं काहीच पोचत नव्हतं. त्यांच्यासाठी आठवड्याच्या नोट्स बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात ठेवायचे. शनिवारी घरातलं कुणीतरी बाजाराला यायचं आणि घेऊन जायचं. पानाला एक रुपया, आठवड्याला सत्तरेक रुपये. पण त्यांना कळतंय का, हे कसं कळणार? एसएमएस पाठवा म्हटलं, तर बऱ्याच जणांच्या फोनमध्ये जेमतेम बॅलन्स.

माझ्या फोनमध्ये दोन सिम आहेत. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी अकरा जणांना सांगितलं: संध्याकाळी सातला माझा एसएमएस येईल. एक व्यवहार आणि एका खात्याचं नाव. ते खातं नावे होणार असं वाटलं तर पहिल्या नंबरवर मिस्ड कॉल द्या, जमा होणार असं वाटलं तर दुसऱ्या नंबरवर. साडेसात ते पावणेआठ. पैसे लागणार नाहीत.

पहिल्या संध्याकाळी मी ओट्यापाशी उभी होते आणि फोन वाजायला लागला. वाजायचा, बंद व्हायचा, पुन्हा वाजायचा. प्रश्न होता: 'दुकानाचे भाडे रोख दिले. भाडे खाते?' सात मिस्ड कॉल आले, पाच पहिल्या नंबरवर, दोन दुसऱ्यावर. खर्च नावे, म्हणजे पाच जण बरोबर. दुसऱ्या नंबरवर कॉल केलेल्या दोघांना मी लगेच परत फोन लावला. एका मुलीच्या आईने उचलला. म्हणाली, "तुमच्यासाठी ती केव्हाची फोन धरून बसलीय." त्या मुलीने भाडे 'दिले' म्हणजे 'जाणारे' असं धरून जमा म्हटलं होतं. नियम खोटा नव्हता, तो रोख खात्याला लागतो, भाडे खात्याला नाही. चार मिनिटांत तिला कळलं. तिला वर्गात बसवूनही मला हे कदाचित कधी कळलं नसतं.

आठवड्यातून तीन संध्याकाळी हे मार्चपर्यंत चाललं. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर रात्री कुणाचे फोन येतात म्हणून मुलींना बोलणी बसतात. हे एकदा झालं आणि मला त्या घरी फोन करून समजावून सांगावं लागलं.

कार्यालयीन बाजूही सांगायला हवी. रोज अहवाल द्यायचा होता: तासाची लिंक, हजेरीची संख्या, स्क्रीनशॉट, कोणता घटक शिकवला. वर्षाचा पाठ्यक्रम २५ टक्क्यांनी कमी झाला होता, त्यामुळे वगळलेले घटक सोडून नियोजन पुन्हा करून सही घ्यायची होती. फॉर्मचं कळल्यावर मला सांगण्यात आलं की त्यावर नावं घ्या, म्हणजे हजेरीचा पुरावा होईल. नंतर सुचवण्यात आलं की यालाच अंतर्गत गुण देऊन टाका. मी दोन्ही वेळा लेखी विनंती केली की हजेरीचा फॉर्म वेगळा ठेवते, पण या उत्तरांना नाव आणि गुण नकोत. पत्रासोबत नाव असलेल्या दिवशीची ११ उत्तरं आणि नाव काढल्यानंतरची २३ उत्तरं, दोन्ही जोडली. मंजुरी यायला दोन आठवडे लागले, पण आली. तुम्हालाही अशी अडचण आली तर तोंडी वाद घालू नका, आकडे जोडून पत्र द्या आणि पोच ठेवा.

नाव नसण्याची दुसरी बाजू मला नोव्हेंबरच्या शेवटी कळली. 'अडलं कुठं?' या प्रश्नाखाली एक उत्तर आलं: 'घरात अडलंय मॅडम. पप्पांचं काम गेलं, फोन विकायचं चाललंय.' मी ते कितीतरी वेळ बघत राहिले. कुणी लिहिलं हे कळायला मार्ग नव्हता, आणि तो मार्ग मीच बंद केला होता. दुसऱ्या दिवशी तासाला ते उत्तर वाचलं नाही. एवढंच म्हटलं, "काल कुणीतरी हिशेबापलीकडचं लिहिलं. मी ते वाचलंय. ज्याने लिहिलं त्याने मला कधीही फोन करावा." दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या रात्री एक मिस्ड कॉल आला. पुढे काय झालं ते त्या घराचं आहे, इथे लिहीत नाही. तेव्हापासून प्रत्येक फॉर्मच्या शेवटी एक ऐच्छिक ओळ ठेवते: 'मी फोन करावा असं वाटत असेल तर नंबर लिहा.' बहुतेक वेळा ती रिकामी असते. तरी काढत नाही.

२३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावीचे वर्ग भरवायला परवानगी मिळाली. शिक्षकांची आरटीपीसीआर चाचणी, पालकांचं संमतीपत्र, हे सगळं होऊन आमच्याकडे डिसेंबरमध्ये निम्मी मुलं यायला लागली. निम्मी घरीच. वर्गातल्यांना चिठ्ठ्या आणि खोक्याचा डबा, घरच्यांना फॉर्म, अकरा जणांना मिस्ड कॉल.

डिसेंबरात बँक जुळवणी पत्रक आलं, म्हणजे आपल्या रोखपुस्तकातली आणि बँकेच्या पासबुकातली शिल्लक जुळवून बघणं. हा घटक दरवर्षी जड जातो, म्हणून या वेळी शिकवण्याआधीच एक प्रश्न विचारला: घरातलं कुठलंही पासबुक उघडा, 'जमा' रकान्यात रक्कम आली की आपले पैसे वाढले की कमी झाले? जवळजवळ सगळ्यांनी 'वाढले' लिहिलं. बरोबरच आहे. मग रोखपुस्तकाचा बँक रकाना दाखवला, जिथे पैसे भरले की नावे बाजू वाढते. त्या शुक्रवारी वहीत एकाच ओळीपुढे २६ रेघा होत्या: 'पैसे आपलेच, तर एकीकडे जमा आणि एकीकडे नावे का?'

इतकी वर्षं मी इथे मुलांना सांगत आले होते की दोन्हींच्या बाजू उलट असतात, लक्षात ठेवा. या वेळी २६ जणांनी कारण मागितलं होतं. मी पुन्हा वाण्याकडे गेले. वाण्याच्या वहीत आपण त्याचे ऋणको असतो. आपल्या घरच्या डायरीत तोच वाणी आपला धनको असतो. साखर एकच, वह्या दोन, बाजू दोन. आता बँकेच्या जागी बसून बघा. पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल आहे. आपण पैसे ठेवले म्हणजे बँक आपलं देणं लागते, म्हणून तिच्या वहीत आपण धनको, म्हणून जमा. एका मुलीने चॅटवर लिहिलं, 'म्हणजे पासबुक आपलं नाहीच, बँकेचं आहे.' तिची आई बचतगटाची हिशेबाची वही लिहिते. पुढच्या आठवड्यात तिने आईचं पासबुक आणि गटाची वही शेजारी ठेवून फोटो पाठवला. न वटलेला एक धनादेश तिने पेन्सिलने गोल करून ठेवला होता.

फेब्रुवारीत घसारा शिकवला तेव्हा लेखी काही घेतलं नाही. व्हॉट्सॲपवर तीस सेकंदांचा आवाज पाठवायचा होता, फक्त मला, ग्रुपवर नाही: घसारा म्हणजे काय ते शेजारच्या दुकानदार काकांना समजावून सांगा, पण 'घसारा' हा शब्द वापरायचा नाही. पुस्तकातली व्याख्या पाठ म्हणण्याची सोयच राहत नाही. ३४ आवाज आले. ऐकायला अर्धा तासही लागला नाही.

एक मुलगा बंदरावरचा, घरी होडी. मागे लाटांचा आवाज येत होता. तो म्हणाला: "काका, आमच्या होडीचं इंजिन नवीन होतं तेव्हा जेवढ्याचं होतं, तेवढ्याचं आज नाही. दरवर्षी वापरून वापरून थोडं थोडं कमी होतं, ते दरवर्षी खर्चात धरायचं." मग थोडा थांबला आणि मला उद्देशून म्हणाला, "मॅडम, वादळात होडी फुटली ती यात नाही ना येणार? ते हळूहळू नाही गेलं. ते एकदम गेलं. ते वेगळं नुकसान लिहायचं ना?"

मी तो आवाज तीन वेळा ऐकला. वापराने होणारी झीज वेगळी आणि अचानक झालेलं नुकसान वेगळं, हा फरक आमच्या पुढच्या धड्यांत यायचा होता. त्याने तो स्वतःच्या होडीवरून काढला होता. त्याची परवानगी घेऊन दुसऱ्या दिवशी वर्गाला ऐकवला.

जानेवारीच्या शेवटी मी तोच उधारीचा व्यवहार, नाव आणि रक्कम बदलून, पुन्हा दिला होता. ५१ पैकी ३८ जणांनी बरोबर सोडवला. सप्टेंबरात ४६ पैकी १५ होते. पण ७२ मधल्या बारा मुलांचं एकही उत्तर वर्षभरात माझ्यापर्यंत आलं नाही, फॉर्मवर नाही, चिठ्ठीत नाही, मिस्ड कॉलनेही नाही. काही कामाला लागली होती. एकीचं लग्न झालं. त्यांचं कुठे अडलं ते मला ठाऊक आहे आणि त्यावर माझ्या या पद्धतींत काही उपाय नव्हता.

आता साधनं बदलली आहेत. व्हॉट्सॲपवर आज मतचाचणी टाकता येते, तेव्हा ती सोय नव्हती. पण तिथे कुणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं, तेव्हा 'अडलं कुठं?' विचारायला ती वापरू नका. टेलिग्रामवर निनावी मतचाचणी होते. डेटा वाचवायचा असेल तर प्रश्न विचारताना आपला कॅमेरा बंद करा, फक्त आवाज ठेवा.

७ एप्रिल २०२१ ला जाहीर झालं की नववी आणि अकरावीची परीक्षा होणार नाही, सगळी मुलं वरच्या वर्गात जाणार. त्याच आठवड्यात शेवटचा तास घेतला. शेवटची सहा मिनिटं ठेवली आणि फॉर्मवर एकच प्रश्न दिला: 'वर्षभर मी विचारलं तुमचं कुठे अडलं. माझं कुठे अडलं, ते लिहा.'

४० उत्तरं आली. अक्षर बारीक आहे, फळा वर धरा. वेग जास्त आहे. मिस्ड कॉलवाल्यांना पण वर्गात घ्या. आणि पाच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट लिहिली होती. त्यातलं एक उत्तर असं: 'सुरुवातीला तुम्ही समजलं का विचारायच्या तेव्हा आम्ही हो म्हणायचो, कारण नाही म्हटलं तर तास लांबणार आणि नेट संपणार. संध्याकाळी बाबांना लागायचं.'

त्या काळी रोज दीड जीबीचं २८ दिवसांचं रिचार्ज दोनशे-अडीचशे रुपयांना यायचं. एका फोनवर दोन-तीन भावंडांचे तास, आणि उरलेलं बाबांच्या धंद्याला. मी सहा महिने त्या 'हो'चा अर्थ मुलांच्या संकोचात शोधत होते.

१५ जून २०२१ ला हीच मुलं बारावीत आली, पुन्हा ऑनलाइन. पहिला तास मी २५ मिनिटांचा ठेवला. एकोणिसाव्या मिनिटाला कॅमेरा बंद केला, फॉर्म टाकला आणि वाट बघत बसले.